एकाच बाटलीचे तीन आकडे: शीतपेय आणि फळांच्या रसातली साखर मोजताना उत्तरं जुळत नाहीत तेव्हा

लक्षणं अशी असतात. खाली दिलेल्यांपैकी एखादं जरी ओळखीचं वाटलं तरी पुढचं वाचा.

रिफ्रॅक्टोमीटर (द्रावणात प्रकाश किती वाकतो त्यावरून साखर सांगणारं यंत्र) १०.५ ब्रिक्स दाखवतो, फेलिंगच्या टायट्रेशनमध्ये (तांब्याच्या द्रावणात साखर थेंबाथेंबाने घालून मोजायची पद्धत) ११.४ येतं आणि एचपीएलसीची (साखरा वेगळ्या करून एकेक मोजणारं यंत्र) बेरीज १०.९ वर थांबते. बाटली एकच, नमुना एकच, माणूसही एकच. दुसरं लक्षण: बनवताना फक्त साखर घातलेल्या लिंबू पेयात सुक्रोजचा, म्हणजे साध्या साखरेचा, पीक (आलेखातला उंचवटा) दर महिन्याला बुटका होत जातो आणि ग्लुकोज-फ्रुक्टोज डोकं वर काढतात. तिसरं: एकाच नमुन्याचं सकाळचं आणि दुपारचं वाचन अर्ध्या-पाऊण ब्रिक्सने वेगळं. चौथं: फळांच्या रसात ब्रिक्स ११, पण साखरांची बेरीज जेमतेम नऊ, आणि कुणीतरी म्हणतं, ‘कॉलम गेला.’

कॉलम, म्हणजे एचपीएलसीतली साखरा वेगळ्या करणारी नळी, क्वचितच गेलेला असतो. हे कोडं मी इतक्या वेळा सोडवलंय की आता कुणी तीन आकडे घेऊन आलं तर यंत्राकडे जाण्याआधी त्याची वही मागतो. बहुतेक वेळा तिन्ही आकडे बरोबर असतात, फक्त ते तीन वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं असतात. म्हणून तपासणीचा क्रम फुकटापासून महागाकडे ठेवलाय. तो मोडू नका. कॉलम बदलून झाल्यावर एककाची चूक सापडली की काखेत कळसा आणि गावाला वळसा होतो.

पहिली तपासणी: एकक, खुर्चीवरून न उठता

ब्रिक्स म्हणजे १०० ग्रॅम द्रावणात किती ग्रॅम सुक्रोज. लेबलवर आणि टायट्रेशनच्या हिशेबात मात्र बहुधा १०० मिलिलिटरमागचे ग्रॅम असतात. साखरेचं द्रावण पाण्यापेक्षा जड असतं. २० अंश सेल्सिअसला १० ब्रिक्सची घनता साधारण १.०३८ आहे, म्हणजे १० ब्रिक्स म्हणजे १०० मिलिलिटरमध्ये १०.३८ ग्रॅम. १२ ब्रिक्सला हाच आकडा १२.५६ होतो. चार-पाच टक्क्यांचा फरक इथेच मिटतो आणि त्यासाठी फक्त कॅल्क्युलेटर लागतो.

त्याच वहीत आणखी एक गोष्ट बघा: नमुना पिपेटने घेतला की वजन करून? पिपेटने घेतला असेल तर उत्तर १०० मिलिलिटरमागचं, वजनाने घेतला असेल तर १०० ग्रॅममागचं. एका पाळीने पिपेट वापरायची आणि दुसऱ्या पाळीने तराजू, हा प्रकार मी एकाच प्रयोगशाळेत दोनदा पाहिलाय. गर असलेल्या रसाला तर पिपेट नकोच. टोकाशी गर अडकतो आणि किती घेतलं ते देवालाच ठाऊक.

दुसरी तपासणी: स्टँडर्डच्या डबीवरचं नाव

स्टँडर्ड म्हणजे नमुना ज्याच्याशी ताडून बघायचा ती माहीत प्रमाणाची शुद्ध साखर. ग्लुकोज दोन रूपांत मिळतं, निर्जल आणि मोनोहायड्रेट. मोनोहायड्रेटचा रेणुभार १९८, त्यात पाणी ९.१ टक्के. ते निर्जल समजून तोललं तर स्टँडर्डमध्ये प्रत्यक्ष ग्लुकोज कमी पडतं आणि नमुन्यातलं ग्लुकोज बरोबर १० टक्क्यांनी जास्त दिसतं. फ्रुक्टोज आणि सुक्रोज ठीक, फक्त ग्लुकोज फुगलेलं, असं चित्र असेल तर आधी कपाट उघडून डबी वाचा. फ्रुक्टोज हवेतली ओल ओढतं. डबीत गोळे झाले असतील तर ती डबी बाजूला ठेवा.

पातळ साखरेची द्रावणंही जपावी लागतात. साध्या पाण्यात केलेलं स्टँडर्ड आठवडाभर बाहेर राहिलं तर त्यात जंतू जेवून जातात. ताजं करा, थंड ठेवा, बाटलीवर तारीख घाला.

तिसरी तपासणी: गॅस आणि तापमान

कार्बन डायऑक्साइड काढल्याशिवाय काहीच मोजू नका. रिफ्रॅक्टोमीटरच्या प्रिझमवर बुडबुडे बसले की सीमारेषा धूसर होते. घनतामापीत तर एक बुडबुडा पूर्ण वाचन बिघडवतो. पिपेटमध्ये बुडबुडे म्हणजे आकारमान खोटं. दोन बीकरमध्ये पेय इकडून तिकडे ओतत राहा, मग चुंबकी ढवळणीवर ठेवा, शेवटी थोडा वेळ अल्ट्रासॉनिक बाथ. उकळून गॅस काढू नका. पाणी उडतं, आणि आम्ल पेयात उष्णतेने सुक्रोज फुटतं (त्याबद्दल पुढे). बाथसुद्धा फार वेळ चालू ठेवला तर पाणी गरम होतं. ही चूक माझ्याही हातून झालीये.

ब्रिक्सचं प्रमाण तापमान २० अंश. ३० अंशांवर १० ब्रिक्सचं द्रावण दुरुस्तीशिवाय सुमारे ०.८ ने कमी दिसतं. सकाळ-दुपारच्या फरकाचं उत्तर जवळपास नेहमी हेच. यंत्रात आपोआप दुरुस्तीची सोय असली तरी ती प्रिझमचं तापमान बघते. फ्रिजमधून काढलेला थेंब टाकून लगेच बटण दाबलं तर तिचा उपयोग नाही. अर्धा-एक मिनिट थांबा, तीन वाचनं घ्या. शून्य जुळवताना पाणी ऊर्ध्वपातित असू द्या आणि तेही त्याच खोलीच्या तापमानाचं.

चौथी तपासणी: रिफ्रॅक्टोमीटरला साखर ओळखता येत नाही

त्याला फक्त वक्रीभवनांक कळतो. सायट्रिक आम्ल, पोटॅशियमचे क्षार, अमिनो आम्लं, विरघळलेलं पेक्टिन, सॉर्बिटॉल, सगळंच त्याला साखरेसारखं दिसतं. साध्या शीतपेयात हा फरक छोटा असतो. फळांच्या रसात मोठा. ११ ब्रिक्सच्या संत्र्याच्या रसात साखरा साधारण ८ ते ९ ग्रॅम असतात, उरलेलं हे बाकीचं गणगोत. म्हणजे वरच्या चौथ्या लक्षणात बिघाड असा काही नाहीच.

आम्ल-दुरुस्तीवरून फार गोंधळ होतो. एक टक्का सायट्रिक आम्ल रिफ्रॅक्टोमीटरवर सुमारे ०.८ ब्रिक्स दाखवतं. एकूण विद्राव्य घनपदार्थ हवे असतील तर ते पूर्ण १ धरायला वाचनात ०.२ मिळवतात. ही प्रथा लिंबूवर्गीय रसांत जुनी आहे आणि बरोबरही आहे. पण तुम्हाला साखर हवी असेल तर आम्लाचा वाटा वजा करायला हवा, मिळवायला नव्हे. दुरुस्ती मिळवून तो आकडा ‘साखर’ म्हणून लिहिला की रस कागदावर जास्त गोड होतो.

साखरमुक्त पेयांसाठी रिफ्रॅक्टोमीटर वापरूच नका. त्यात दिसणारा थोडासा ब्रिक्स आम्ल आणि क्षारांचा असतो.

पाचवी तपासणी: बाटलीतच बदललेली साखर

इथे थोडं थांबूया, कारण माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या तक्रारी इथेच संपतात.

सुक्रोजचा रेणू आम्लात पाण्याचा एक रेणू घेऊन फुटतो आणि एक ग्लुकोज, एक फ्रुक्टोज देतो. यालाच इन्व्हर्शन म्हणतात. हिशेब बघा: ३४२ भाग सुक्रोज आणि १८ भाग पाणी मिळून ३६० भाग इन्व्हर्ट साखर. म्हणजे १० ग्रॅम सुक्रोज पूर्ण फुटलं की १०.५३ ग्रॅम साखरा मिळतात. बाहेरून कुणी काही घातलेलं नसतं, पेयातलंच पाणी साखरेत मोजलं जातं. शीतपेयाचा पीएच २.५ ते ३.५ च्या आसपास असतो, म्हणून बाटली भरल्या दिवसापासून हे चालू होतं. तापमान १० अंशांनी वाढलं की वेग सुमारे चौपट होतो. उन्हाळ्यात गोदामात राहिलेल्या पेटीत काही आठवड्यांतच सुक्रोज निम्म्याखाली गेलेलं दिसलं तर दचकू नका.

याचे परिणाम प्रत्येक पद्धतीत वेगळे दिसतात. एचपीएलसीत सुक्रोज घटतं, बाकी दोन वाढतात आणि बेरीज पाच टक्क्यांपर्यंत चढते. रिफ्रॅक्टोमीटरवर १० ब्रिक्सचं वाचन पूर्ण इन्व्हर्शननंतर साधारण ०.३ ने वाढतं. टायट्रेशनमध्ये ‘रिड्यूसिंग’ साखर (फेलिंगशी थेट प्रक्रिया करणारी, म्हणजे इथे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज) वाढते आणि उरलेलं सुक्रोज फोडून घेतल्यानंतरचा आकडा तेवढाच राहतो. सगळ्यात गंमत पोलॅरीमीटरची (द्रावण ध्रुवित प्रकाशाला किती फिरवतं ते मोजणारं यंत्र). सुक्रोजचं विशिष्ट घूर्णन +६६.५ अंश, इन्व्हर्ट साखरेचं उणे २० च्या आसपास. म्हणून तीन चतुर्थांश सुक्रोज फुटलं की वाचन शून्याजवळ येतं. साखरेने भरलेलं पेय आणि यंत्र म्हणतं, साखर नाही! (पोलॅरीमीटर वापरणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं: ताज्या ग्लुकोजच्या द्रावणाचं घूर्णन +११२ वरून हळूहळू +५२.७ वर स्थिरावतं. घाईत घेतलेलं वाचन चुकणारच.)

तपासायचं कसं? ग्लुकोज आणि फ्रुक्टोज जवळपास सारख्या प्रमाणात वाढले असतील आणि (ग्लुकोज + फ्रुक्टोज) × ०.९५ + सुक्रोज हा आकडा पेय भरतानाच्या सुक्रोजशी जुळत असेल, तर मोजमाप बरोबर आहे. हे अर्थात फक्त सुक्रोजवर बनलेल्या पेयासाठी. मक्यापासून बनवलेलं फ्रुक्टोज सिरप असेल तर पहिल्या दिवसापासूनच सुक्रोज नसतं. एचएफसीएस-५५ या त्याच्या प्रकारात घनपदार्थांपैकी ५५ टक्के फ्रुक्टोज आणि सुमारे ४२ टक्के ग्लुकोज असतं.

रसाच्या बाबतीत फळाचा स्वभाव माहीत असला की निम्मं काम होतं. संत्र्यात सुक्रोज, ग्लुकोज, फ्रुक्टोज ढोबळमानाने २:१:१. द्राक्षात सुक्रोज जवळपास नाहीच, बाकी दोन सारखे. सफरचंदात फ्रुक्टोज ग्लुकोजच्या दुपटीहून जास्त. सफरचंदाच्या रसात ग्लुकोज वरचढ दिसलं तर आधी पीकची नावं उलटी लागलीत का बघा, मग भेसळीचा विचार करा. आणि बाटली फुगलेली असेल, वास आंबूस असेल, तर मोजूच नका. यीस्टने आपला वाटा घेतलाय.

सहावी तपासणी: घरचा बनावट नमुना

पुढे जाण्याआधी तराजूवर १० ग्रॅम कोरडं शुद्ध सुक्रोज आणि ०.२ ग्रॅम सायट्रिक आम्ल घ्या, पाण्याने वजन १०० ग्रॅम करा आणि त्याच दिवशी तिन्ही पद्धतींनी मोजा. रिफ्रॅक्टोमीटरवर १०.१५ च्या आसपास यायला हवं, एकूण साखर १०० ग्रॅममागे १०. इथे सगळं जुळलं तर पद्धती ठीक, दोष नमुन्यात किंवा त्याच्या तयारीत. जुळलं नाही तर ज्या पद्धतीचा आकडा चुकला तिच्याकडेच चला, बाकीच्यांना हात लावू नका. इतक्या स्वस्तात इतकी माहिती दुसरं काहीच देत नाही, तरी हे करायचा लोकांना कंटाळा येतो.

सातवी तपासणी: फेलिंगचं टायट्रेशन

लेन आणि आयनन यांची ही पद्धत १९२३ ची. शंभरी उलटली तरी ती नीट केली तर महागड्या यंत्राला टक्कर देते. नीट केली तर!

पहिला प्रश्न ब्यूरेटच्या वाचनाचा. ते १५ ते ५० मिलिलिटरमध्ये यायला हवं, कारण तक्त्यातले फॅक्टर (वाचनावरून साखर काढायचे आकडे) तेवढ्यापुरतेच आहेत. फेलिंग ए (तांब्याचं द्रावण) आणि बी (अल्कधर्मी द्रावण) प्रत्येकी ५ मिलिलिटर घेतले तर त्यांना सुमारे ५० मिलिग्रॅम इन्व्हर्ट साखर लागते. १० ब्रिक्सचं पेय ५० पट पातळ केलं तर वाचन २३ ते २५ मिलिलिटरच्या दरम्यान पडतं. तुमचं ९ मिलिलिटरवर संपत असेल तर हिशेब करत बसू नका, आणखी पातळ करा.

दुसरा वेळेचा. उकळी आल्यावर दोन मिनिटं, मग मेथिलीन ब्लू (याचा निळा रंग गेला की शेवट), आणि उकळी सुरू झाल्यापासून तीन मिनिटांच्या आत शेवट. पूर्ण वेळ उकळी चालूच हवी. रंग नीट दिसावा म्हणून फ्लास्क जाळावरून उचलला की हवा आत जाते, मेथिलीन ब्लू पुन्हा निळा होतो आणि माणूस ‘अजून बाकी आहे’ म्हणत साखर घालत राहतो. ब्यूरेटचं वाचन वाढतं, उत्तर कमी येतं. नवख्या हातांची आकडेवारी सतत खालच्या बाजूला असेल तर त्यांच्या शेजारी उभं राहून फक्त हे बघा.

तिसरा इन्व्हर्शननंतरच्या आम्लाचा. सुक्रोज फोडायला घातलेलं हायड्रोक्लोरिक आम्ल उदासीन केलं नाही तर ते फेलिंग बीमधला अल्क खातं. उलट बाजूला जाऊन द्रावण जास्त अल्कधर्मी केलं आणि तसंच ठेवलं तर फ्रुक्टोज बिघडतं. निर्देशक घालून थेंबाथेंबाने जा आणि द्रावण गार असताना.

चौथा हिशेबाचा. इन्व्हर्शननंतरची साखर वजा आधीची साखर, गुणिले ०.९५, हे सुक्रोज. एकूण साखर म्हणजे हे सुक्रोज अधिक आधीची रिड्यूसिंग साखर. काही जण इन्व्हर्शननंतरचा आकडा तसाच ‘एकूण साखर’ म्हणून लिहितात. त्यात पाच टक्क्यांपर्यंतचं पाणी साखर म्हणून गेलेलं असतं. सुरुवातीच्या उदाहरणातलं ११.४ मला दिसलं की मी आधी हेच विचारतो.

गढूळ रस निवळायला शिसं वापरत असाल तर शक्य तिथे कॅरेझची दोन द्रावणं वापरा, पोटॅशियम फेरोसायनाइड आणि जस्ताचा क्षार. जादा शिसं ऑक्झॅलेटने काढलं नाही तर साखर कमी भरते, शिवाय शिशाचा कचरा सिंकमध्ये ओतायचा नसतो. क जीवनसत्त्व फेलिंगला साखरेसारखंच वागतं. दहा टक्क्यांच्या पेयात ते नगण्य, पण कमी साखरेच्या, वरून क जीवनसत्त्व घातलेल्या पेयात टायट्रेशनवर भरवसा ठेवू नका.

आठवी: एन्झाइमची किट

इथे मुख्यतः दोन गोष्टी बिघडतात, पातळपणा आणि थंडी. ३४० नॅनोमीटरवर शोषणांक (द्रावण किती प्रकाश शोषतं त्याचा आकडा) १ च्या पुढे गेला की पातळ करा. किट फ्रिजबाहेर राहिली असेल तर स्टँडर्डवरच कळेल. रंगीत पेयाला नमुन्याचा स्वतःचा ब्लँक (एन्झाइम न घालता घेतलेलं वाचन) हवाच. फार आम्ल नमुना बफरचा पीएच ढकलतो, म्हणून तो आधी उदासीन करा.

नववी: आता एचपीएलसी

आरआय डिटेक्टरवर (वक्रीभवनांक मोजणारा भाग) तिन्ही साखरा समान वजनाला जवळपास समान क्षेत्रफळ देतात. तुमच्या कॅलिब्रेशनचे तीन उतार एकमेकांपासून दूर असतील तर यंत्र नव्हे, स्टँडर्ड चुकलंय. दुसऱ्या तपासणीकडे परत जा.

अमिनो कॉलमवर पीक लवकर यायला लागले तर आधी मोबाइल फेज (कॉलममधून वाहणारं द्रावण) ताजी करा. उघड्या बाटलीतून ॲसिटोनायट्राइल उडतं, पाण्याचं प्रमाण वाढतं आणि सगळं लवकर बाहेर पडतं. ताज्या फेजनेही फरक पडला नाही तर मात्र कॉलम थकलाय. ग्लुकोजसारख्या रिड्यूसिंग साखरा अमिनो गटांशी हळूहळू बांधल्या जातात, हे त्याच्या नशिबातच आहे. आधी गार्ड कॉलम (मुख्य कॉलमच्या पुढे लावलेला छोटा संरक्षक) बदला, मग मुख्य. सफरचंद किंवा नासपतीच्या रसात सॉर्बिटॉल फ्रुक्टोज-ग्लुकोजच्या जवळच येतो, त्याला साखर म्हणून मोजू नका.

कॅल्शियम कॉलमवर, ८०-८५ अंशांना पाण्यात, क्रम उलटा असतो: सुक्रोज आधी, मग ग्लुकोज, मग फ्रुक्टोज. इथे शुद्ध, ताजं सुक्रोज टोचा. त्यामागे दोन सारखे छोटे पीक आले तर सुक्रोज कॉलममध्येच फुटतंय. आम्ल नमुना तसाच गरम कॉलमवर जाऊ देऊ नका. पेयातले सोडियम-पोटॅशियम कॅल्शियमची जागा घेत जातात आणि पीक एकमेकांत मिसळतात. उत्पादकाच्या पत्रकात सांगितल्याप्रमाणे कॅल्शियम नायट्रेटने कॉलम पुन्हा भरता येतो. पत्रक नसेल तर अंदाजाने करू नका.

बेसलाइन (पीक नसतानाची आलेखाची रेष) तरंगत असेल तर डिटेक्टरला दोन तास तापमान स्थिरावू द्या, संदर्भ सेल धुवा आणि वातानुकूलन यंत्राचा झोत त्यावर पडतोय का ते बघा. हसू नका, मी एका यंत्राची जागा बदलून तक्रार बंद केलीये.

कुठे हात आखडता घ्यायचा

संदर्भ सेल धुऊन, फेज बदलून, कॉलमच्या जागी साधी नळी लावूनही बेसलाइन शांत होत नसेल, तर डिटेक्टर उघडू नका. आरआयचा सेल नाजूक असतो. बाहेर जाणारी नळी तुंबलेली असताना प्रवाह वाढवला तरी तो तडकतो आणि मग दुरुस्ती नव्हे, बदलीच होते. पंपाचा दाब सतत वरखाली होत असेल आणि फिल्टर-सील बदलूनही तसाच असेल, रिफ्रॅक्टोमीटरच्या प्रिझमवर ओरखडा असेल किंवा प्रमाणित द्रावणावर तो शून्य जुळवूनही चुकत असेल, तरीही सेवा अभियंत्यालाच बोलवा. शिशाचा किंवा ॲसिटोनायट्राइलचा कचरा साठला असेल तर त्याची विल्हेवाट परवानाधारकाकडूनच.

आणि आकडा वादात जाणार असेल, म्हणजे लेबल, करार किंवा भेसळीचा आरोप त्यावर अवलंबून असेल, तर घरची प्रयोगशाळा कितीही चांगली असो, सीलबंद जोडनमुना आयएसओ १७०२५ खाली याच चाचणीसाठी मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत द्या. देताना बाटली भरल्याची तारीख आणि साठवणुकीचं तापमान लिहा, आणि उत्तर १०० ग्रॅममागे हवं की १०० मिलिलिटरमागे ते स्पष्ट मागा. अभियंता येणार असेल तर घरच्या बनावट नमुन्याचा क्रोमॅटोग्राम (एचपीएलसीचा आलेख), शेवटच्या चांगल्या दिवसाचा क्रोमॅटोग्राम आणि तेव्हाचा पंपाचा दाब टेबलावर काढून ठेवा. तो पहिला तास हेच शोधण्यात घालवतो.